मग नाव कशाला घेतलं?

‘नवाज सॉल्लिड आहे यार, पण सेकंड हाफ जरा ओढलाय.’

‘ओढलाय? अरे, तोच तर पॉइंट आहे!’

जून २०१६. ‘रमण राघव २.०’ नुकताच रिलीज झालेला. लेट नाइट शो संपवून आम्ही सहा जण पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्सच्या पार्किंगमध्ये अर्धा तास वाद घालत उभे होतो. सगळे मासकॉमचे. त्यामुळे प्रत्येकाचं मत ठाम आणि जरा लांबलचकच. एकाला कॅमेरा भारी वाटला, एकीला म्युझिक. एकाचं म्हणणं, अनुराग कश्यप आता रिपीट व्हायला लागलाय. ‘डार्क’ हा शब्द त्या रात्री किती वेळा उच्चारला गेला, देव जाणे. त्या वर्षी आम्हाला सगळं डार्कच आवडायचं. चॉकलेटपासून सिनेमापर्यंत!

नवाझुद्दीन सिद्दिकीचा रमण्णा लोखंडी रॉड रस्त्यावर घासत चालतो. त्याच्या मागावर विकी कौशलचा कोकेन ओढणारा पोलीस अधिकारी. दोघांत जास्त वाईट कोण, हा सिनेमाचा खरा खेळ. आम्ही बाइक सुरू करता करता तोच रॉड घासायचा आवाज तोंडाने काढून एकमेकांना घाबरवत होतो. मजा आली होती, खोटं कशाला बोला.

त्या रात्री मेलेल्यांबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. हे माझ्या लक्षात यायला नऊ वर्षं आणि पारगावातला एक शनिवार लागला.

पारगाव म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘जुन्नरचं की आंबेगावचं?’ दोन्हीकडे आहे. आमचं आंबेगावातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वीकेंडला गावी गेले तेव्हा उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांची दारं बंद होत होती. कारण तुम्हीही बातम्यांत वाचलं असेल. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा जीव घेतला होता. त्यात दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. आमच्याकडे त्यानंतरही कुत्रं भुंकलं की जेवणाऱ्यांचा घास हातात थांबायचा.

अशा घरात संध्याकाळी सात ते दहा करायचं काय? सागरदादाने माझा लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, ‘लाव काहीतरी थ्रिलर. तुझ्या पुण्यातल्यांना आवडतं तसलं.’

मी ‘रमण राघव २.०’ लावला. प्रेक्षक पाच. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणारा दादा, वहिनी, काकू, मी आणि कोपऱ्यात खाटेवर तात्या, म्हणजे माझे आजोबा. वय ७८. तात्या सिनेमा बघत नाहीत, त्यांना फक्त ऐकू येत असतो, असा आमचा समज.

सिनेमा सुरू होताना पडद्यावर मजकूर येतो. साठच्या दशकात मुंबईत रमण राघव नावाचा खुनी होता, त्याने ४१ खून केल्याचं सांगितलं वगैरे. आणि मग कळतं की हा सिनेमा त्याच्याबद्दल नाहीच. थिएटरमध्ये इथे हशा पिकला होता. मी तात्यांसाठी मराठीत वाचून दाखवलं.

खाटेवरून आवाज आला, ‘त्याच्यावर न्हाई? मग नाव कशाला घेतलं?’

दादा हसला. मीही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, एवढं मात्र खरं.

काकू पहिल्या वीस मिनिटांत उठल्या. ‘हे काय बाई, नुसतं मारामारी.’ आता गंमत बघा. याच काकूंनी ‘देवमाणूस’ ही मालिका एक एपिसोड न चुकवता पाहिली होती! वाईच्या डॉक्टरच्या हत्याकांडावर बेतलेली म्हणून २०२० मध्ये गाजली तीच. विचारलं तर म्हणाल्या, ‘तो गोड बोलायचा गं. शिवाय रोज अर्धा तास. भाकऱ्या थापता थापता व्हायचं बघून.’ म्हणजे खुनी चालेल, पण जाहिरातींसकट.

दादाची तक्रार वेगळी होती. ‘यात हिरो कोण? पोलीसच असला फुकटचा असेल तर आपण कुणाच्या बाजूनी बसायचं?’ आमच्या कॉलेजच्या भाषेत याला मॉरल अँबिग्विटी म्हणायचे आणि त्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा. दादाला ती नको होती. आठ तास मशिनवर उभं राहून आलेल्या माणसाला शेवटी कुणीतरी पकडलेलं हवं असतं. त्यात त्याचं काय चुकलं?

मग बहिणीचा भाग आला. तुम्ही सिनेमा पाहिला असेल तर हाच आठवत असेल. रमण्णा कित्येक वर्षांनी बहिणीच्या दारात उभा राहतो. अमृता सुभाषने केलेली ती बहीण त्याला बघते आणि तिचा चेहरा विझतो. घरात नवरा आहे, लहान मुलगा आहे. त्यातलं कुणीच वाचत नाही.

‘दार उघडलंच का तिनं?’ दादा म्हणाला.

वहिनी पडद्यावरची नजर न काढता बोलली, ‘भाऊ आहे ना तो. भावाला दार उघडलं नाही तर नवऱ्याला कारण काय सांगणार?’

दादा गप्प. पार्किंगमध्ये आम्ही या प्रसंगाला ‘टेन्शन बिल्डअप’ म्हटलं होतं. ती बहीण नेमकी कुठे अडकली होती, ते वहिनीने एका वाक्यात सांगून टाकलं.

‘आमीपण उघडत न्हवतो,’ तात्या म्हणाले. ‘गोरेगावला.’

मी सिनेमा पॉज केला.

तुम्हाला माहीत असेलच, मुंबईचे डबेवाले बहुतेक आपल्या मावळपट्ट्यातले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले. तात्याही त्यातलेच. १९६८ साली विशीत होते. बारा माणसांत एक खोली. त्यामुळे पाळीपाळीने सहा जण आत, सहा जण बाहेर. उन्हाळ्यात तर सगळेच बाहेर.

आणि त्याच वर्षी मुंबईच्या उत्तर उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांच्या डोक्यात रात्री जड हत्यार घालून कुणीतरी मारत होतं. चोरी नावापुरती. ओळख ना वैर. १९६५-६६ मध्येही असे हल्ले झाले होते. तेव्हा रमण राघवला संशयावरून पकडलं होतं, पण पुराव्याअभावी सोडून द्यावं लागलं. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला पकडलं. तपास रमाकांत कुलकर्णींचा. कोठडीत तो काही केल्या बोलेना, मग कोंबडीचं जेवण मिळाल्यावर बोलला, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते.

हे सगळं मी सिनेमाच्या वेळी वाचलं होतं. तात्यांनी जे सांगितलं ते मात्र कुठेच वाचलं नव्हतं.

‘तो मांजर होऊन येतो म्हणायचे. आमी बाराच्या बारा आत झोपायचो. एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडात. पहाटे उठून डबे गोळा करायला जायचं, तर झोप न्हाई. मग चाळीतल्या पोरांनी गस्त सुरू केली. काठ्या घेऊन.’

‘तुम्हीपण?’

‘मग? जाणारच की.’

तात्या थोडा वेळ थांबले. वहिनीने टीव्हीचा आवाज उगाचच बंद केला, पॉजवर असतानाही.

‘एक जण सापडला रुळाकडच्या बाजूला. रात्रीचा दीड-दोन वाजला असंल. काळा, दाढी वाढलेला. नाव विचारलं तर कायतरी निराळंच बोलला, मराठी न्हाई, हिंदी न्हाई. आता न्हाई आली भाषा तर माणूस काय करील? पण तवा ते सुचलं न्हाई. कुणीतरी म्हटलं, हाच तो. झालं. मारला त्याला. मीबी दोन हाणल्या.’

‘मग?’

‘मग पोलीस आले, घेऊन गेले. महिनाभरानं पेपरात आलं, रमण राघव सापडला. फोटो होता. हा तो न्हवता.’

‘त्या माणसाचं काय झालं?’

‘कुणाला ठाऊक. आमी कुणी विचारायला गेलो न्हाई.’

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दादा खाली बघत होता. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावोगाव गस्त सुरू होती, आठवतंय? त्यात दादाही जायचा. बॅटरी आणि काठी घेऊन.

खरा रमण राघव फासावर गेला नाही, हे तात्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, त्याने अपीलही केलं नाही. पण तो बरा न होणारा मनोरुग्ण ठरला आणि १९८७ मध्ये हायकोर्टाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. पुढे येरवड्यातच होता. १९९५ मध्ये पुण्यात ससूनला किडनीच्या आजाराने गेला.

‘पुण्यात?’ तात्या म्हणाले. ‘एवढ्या जवळ?’

श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन त्याच्यावर फिल्म केली होती, ती मोठ्या पडद्यावर आलीच नाही, हेही मी सांगायला लागले होते. मग लक्षात आलं की हे पार्किंगमधलं बोलणं झालं. थांबले.

सिनेमा पुढे पाहिला नाही. दहाला उसाच्या वावराकडून कुत्री भुंकायला लागली. दादा बॅटरी घेऊन ओट्यावर गेला. पलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या, तिकडे कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवत होतं. बिबट्या आला की वाजवतात तसा. पाच मिनिटांत थांबला. काही नव्हतं म्हणे. कोप्यांना दार नसतं, ताडपत्रीच असते. त्या रात्री मला झोप लागली ती पहाटे.

सवयीप्रमाणे सकाळी मी सगळ्यांना स्टार्स विचारले, पाचपैकी किती? दादा म्हणाला, ‘अडीच, पूर्ण न बघता.’ काकूंनी शून्य दिले. वहिनीने अमृता सुभाषला पाच आणि बाकी सिनेमाला काहीच नाही. शिवाय हळूच विचारलं, ‘उरलेला मोबाइलवर टाकून देशील? मी एकटी बघेन.’

तात्यांना मी विचारलं नाही. दुपारी बॅग भरत होते तेव्हा तेच खाटेवरून म्हणाले, ‘त्या पिच्चरमधला तो पोलीस. तोबी मारतो का कुणाला?’

‘मारतो,’ मी म्हणाले. (सिनेमा अजून पाहिला नसेल तर सॉरी, पण प्रश्न तात्यांचा होता.)

‘मग त्याला धरतात का शेवटी?’

‘नाही, तात्या.’

‘हं,’ म्हणाले, आणि एसटीची वेळ झाली म्हणून मला घाई करायला लागले.