विभागलेले दप्तर

१९०६ साली अवाढव्य खानदेश जिल्ह्याचे दोन भाग होऊन पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे धुळे व पूर्व खानदेशाचे जळगाव झाले, तेव्हा एका कचेरीला न पेलणारा कारभार दोन कचेऱ्यांनी वाटून घेतला. आणि आपापल्या तालुक्यांचे दप्तर प्रत्येकीपाशी असल्यामुळे रावेरच्या रयतेला धुळ्याची वाट धरण्याचे प्रयोजन उरले नाही. अब्जावधी पानांतून हवे ते पान क्षणार्धात काढून देणारी शोधयंत्रेही आपले दप्तर असेच विभागतात.

प्रश्न आल्यावर शोधयंत्र पाने चाळीत बसत नाही. ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते, तशी सूची त्याने आधीच सिद्ध केलेली असते: 'केळी' हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे आणि 'रावेर' कोणत्या. दोन्ही शब्द एकत्र विचारले की दोन्ही याद्या ताडून समाईक पाने निवडावयाची. ही सूची एका संगणकात मावत नाही. म्हणून तिची वाटणी करावी लागते.

एक मार्ग शब्दांच्या वाटणीचा: 'केळी'ची सगळी यादी एका कारकुनाकडे, म्हणजे एका संगणकाकडे, 'रावेर'ची दुसऱ्याकडे. यात मोजक्याच कारकुनांना उठवावे लागते खरे, पण ताडून पाहण्यासाठी लांबलचक याद्या एकाकडून दुसऱ्याकडे वाहाव्या लागतात, आणि ज्याच्या वाट्याला नित्य विचारला जाणारा शब्द आला तो कामाखाली दबून जातो. दुसरा मार्ग पानांच्या वाटणीचा: प्रत्येक कारकुनाकडे थोडी पाने, आणि तेवढ्या पानांची संपूर्ण सूची. प्रश्न सर्वांना एकाच वेळी धाडावयाचा, प्रत्येकाने आपल्यातील उत्तम अशी मोजकी पाने कळवावयाची, आणि मुख्य कारकुनाने त्यांतून अंतिम क्रम लावावयाचा. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ साली आपल्या रचनेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात पंधरा हजारांहून अधिक साध्या संगणकांच्या साहाय्याने हाच दुसरा मार्ग चोखाळलेला दिसतो. शिवाय प्रत्येक विभागाच्या नकला अनेक संगणकांवर असल्यामुळे एखादा संगणक बंद पडला तरी काम अडत नाही.

जिल्ह्याच्या वाटणीहून ही वाटणी एका बाबतीत मात्र भिन्न आहे. रयतेला आपले गाव कोणत्या जिल्ह्यात पडले हे ठाऊक असते, म्हणून ती नेमक्या कचेरीत जाते. शोधणाऱ्याला आपले उत्तर कोणत्या रुमालात बांधलेले आहे हे ठाऊक नसते, म्हणून सर्वच विभागांना विचारणे प्राप्त होते. याच कारणास्तव तेथे पाने प्रांतवार न लावता सरमिसळ वाटतात. केळीची सारी पाने एकाच विभागात साठली असती, तर हंगामात त्या एकावरच ताण येऊन बाकीचे स्वस्थ बसले असते, आणि उत्तर तर सर्वांत मंद विभागाच्या गतीनेच मिळते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पाने वाढली की शोधयंत्राचे विभागही तसेच वाढत जातात. मात्र यावलच्या शेतकऱ्याने दोन शब्द लिहिले की कैक दप्तरे त्याच्यासाठी एकदम उघडली जातात, आणि त्यांतील एकाचाही पत्ता त्याला ठाऊक असावा लागत नाही.