एकटीनंच ठोसेघर!

"एकटी? आणि मोटारसायकलवर?" सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हेच होणार. पण पोळीभाजी करून ठेवली, पाचच्या आत परतेन असा शब्द दिला, की निघता येतं!

साताऱ्याचा बोगदा ओलांडला की रस्ता सज्जनगडाकडे जातो. पायऱ्या आहेत, म्हणून समर्थांच्या समाधीचं दर्शन सकाळीच घ्या. पुढे ठोसेघर. ऑगस्ट-सप्टेंबरात धबधबा अगदी भरात असतो. फोटो समोरच्या गॅलरीतूनच काढा, कठड्यापलीकडे मुळीच जाऊ नका. आणखी वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या. तिथला वारा काय विचारता! ओढणी घट्ट बांधून आत खोवा. चाकात अडकली तर जिवावर बेतेल. पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवा.

माझी एक चूक सांगते. रात्री सगळ्यांना फोटो दाखवले, तर हे म्हणाले, "यात तू कुठंय?" मग जुने आल्बम काढले. वाढदिवस, सहली, मुंजी... मी कुठेच नाही!

पुढच्या खेपेला ठोसेघरला कणसं भाजणाऱ्या बाईंच्या हाती फोन दिला. त्यांनी धबधबा निम्मा कापलाय. पण मी आहे, गाडीसकट.