पंचेचाळीस दिवसांचा कायदा आणि मार्च एंडिंग

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा लागू झाला. कलमे ८१९ वरून ५३६ वर आली, ‘कर निर्धारण वर्षा’चा घोळ संपून नुसते ‘कर वर्ष’ आले, याचे कौतुक पुरेसे झाले आहे. छोट्या उद्योजकाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची तरतूद मात्र जुनीच आहे. छोट्या उद्योगांचे पैसे वेळेत मिळावेत यासाठीचे जुन्या कायद्यातले कलम ४३ब (एच) नव्या कायद्यात क्रमांक बदलून कायम राहिले आहे.

त्याची गरज का पडली ते नवी मुंबईत दिसते. जुईनगर आणि नेरूळला लागून असलेली शिरवणे एमआयडीसी हा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्राचा भाग. एमआयडीसी १९६२ ची, सिडको १९७० ची. म्हणजे या पट्ट्यात आधी कारखाने आले आणि मागून शहर. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने गाळ्यांमधून लेबर जॉब, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम, करणारे वाढले. त्यांचा धंदा उधारीवर चालतो आणि उधारी किती दिवसांची हे पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, ठरवते.

ही उधारी आवरण्यासाठी २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने मुदत घातली. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत टळली की बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्क्यांवर जाते. शिवाय ते देणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. कागदावर इतका कडक कायदा क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात व्याज मागणारा गाळेवाला मिळणे कठीण, कारण मागितले की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या, याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाणारे बहुतेक जण त्या पार्टीशी संबंध तुटल्यावरच जातात.

म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने कलम ४३ब (एच) आणून काठी आयकराच्या हातात दिली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच वजा मिळेल. १० फेब्रुवारीला स्वीकारलेल्या चार लाखांच्या कामाची ४५ दिवसांची मुदत २७ मार्चला संपते. पैसे एप्रिलमध्ये दिले तर ते चार लाख त्या वर्षीच्या नफ्यातच राहतात आणि सुमारे पंचवीस टक्के दराने लाखभर कर आधी भरावा लागतो. १० मार्चच्या कामाची मुदत २४ एप्रिलपर्यंत असते; त्याआत पैसे दिले तर काही बिघडत नाही.

खरी फट याच हिशेबात आहे. जूनमध्ये स्वीकारलेल्या कामाचे पैसे कंपनीने ३० मार्चला दिले, तर गाळेवाल्याने नऊ-दहा महिने वाट पाहिलेली असते. आयकराला मात्र त्याचे काहीच वाटत नाही, कारण खर्च आणि पैसे एकाच वर्षात बसले. म्हणजे ही काठी वर्षातून एकदाच, मार्च एंडिंगला उगारली जाते. उरलेले महिने जुनाच खेळ. उशीर झालेल्या प्रत्येक बिलावर आपोआप परिणाम व्हायला हवा होता. तसे न करता कायदा ३१ मार्चच्या ताळेबंदापाशी थांबला.

दरम्यान जीएसटी थांबत नाही. लेबर जॉब ही सेवा मानली जात असल्याने नोंदणीची मर्यादा ४० नव्हे, २० लाख आहे, आणि ती गाठायला फार मोठा गाळा लागत नाही. बिल काढले की कर देय होतो. पार्टीचे पेमेंट आले नसले तरी तो खिशातून भरावा लागतो. पार्टीने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर तिला त्या बिलावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट उलटवावे लागते. वसुलीसाठी कामाला येणारा हा मुद्दा फार कमी जण वापरतात.

४५ दिवसांच्या मुदतीचे संरक्षण सगळ्यांना नाही. मध्यम उद्योग बाहेर आहेत. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. दुसरीकडे १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी वाढल्याने बरीच मोठी मंडळीही ‘लघु’ ठरली आहेत.

पैसे दिल्यावरच खर्च धरण्याची ही शिस्त सार्वजनिक न्यासांना अधिक कडक लागू आहे. उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्चाचा हिशेब करताना २०२२ पासून प्रत्यक्ष दिलेले पैसेच धरले जातात. मंडपवाल्याचे थकलेले बिल चुकते होईपर्यंत त्यात येत नाही.

गाळेवाल्याने तूर्त दोन गोष्टी कराव्यात: प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि डिलिव्हरी चलानावर माल मिळाल्याची तारीख व शिक्का घ्यावा, कारण दिवस तिथूनच मोजले जातात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही.