दिवा लागण्यापूर्वी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरू झालेला संप रीतसर मागे घेतला न जाताच विरून गेला, आणि त्यात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ज्यांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही, त्यांत पस्तिशी ओलांडलेले, प्रपंचात पुरते गुंतलेले आणि एकाच खात्यात उमेद घालवलेले लोक फार होते. मी साचेखात्यातला. कोणी कोकणात शेतीवाडीकडे परतले, कोणी पहारेकरी झाले, आणि आम्ही काहीजण, डोंबिवली-विरारकडे नव्या इमारती उठत होत्या म्हणून, घरगुती विजेच्या फिटिंगच्या कामाला लागलो. घर तेव्हा बायकोने चालवलेल्या खानावळीच्या मिळकतीवर उभे होते, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. कारण प्रौढ माणसाच्या शिक्षणाचा खर्च बहुधा दुसरेच कोणीतरी सोसत असते.

त्या काळी या व्यवसायावर १९१० चा वीज कायदा आणि १९५६ चे नियम यांचा अंमल होता. त्यांतील पंचेचाळिसाव्या नियमाचा आशय असा, की दिवा, पंखा, फ्यूज वा खटका बदलण्यासारखी, फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप न पालटणारी किरकोळ कामे वगळता कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना मिळवलेल्या तारतंत्र्याच्या हातूनच व्हावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील तारतंत्री वा वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिसरूड फुटलेल्या मुलांसाठी योग्य. परंतु ज्याच्या रोजंदारीवर पाच-सहा माणसांचे पोट अवलंबून आहे, त्याला दिवसा वर्गात बसणे परवडत नाही. त्याच्यासाठी मार्ग उरे तो ठेकेदाराच्या हाताखाली राबण्याचा, त्याच्याकडून अनुभवाचा दाखला घेण्याचा आणि मग परीक्षेचा अर्ज भरण्याचा. हा दाखला हातचा राखून मजुरी कमी देणारे ठेकेदारही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयीचा संताप अद्याप ओसरलेला नाही.

काम पट्टी फिटिंगचे होते. सुताने रेघ मारायची, छिन्नीने भिंतीत भोक पाडून लाकडी गुट्टी ठोकायची, तिच्यावर सागवानी पट्टी आवळायची आणि पट्टीवर पितळी चुकांनी लिंक क्लिपा बसवायच्या : आडव्या ओळीत दर दहा सेंटिमीटरला, उभ्या ओळीत दर पंधराला. साच्यावर तुटलेला धागा क्षणार्धात जोडणाऱ्या बोटांना हे कौशल्य लवकर साधले. कठीण होते ते निराळेच, आणि ते हातांपेक्षा विचारांशी निगडित होते. काम संपले, खटका दाबला, दिवा लागला, घरमालकाच्या मुद्रेवर समाधान उमटले, म्हणजे काम बिनचूक झाले, ही समजूत हेल्परीत इतकी खोल रुजते, की तिचे उच्चाटन करणे हाच वस्तुतः आमच्या शिक्षणाचा गाभा ठरला.

खटका फेजच्या तारेत घालण्याऐवजी न्यूट्रलमध्ये घातला, तरीही दिवा लागतो आणि खटका बंद करताच विझतोही; मात्र विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये विजेचा दाब तसाच जिवंत राहतो आणि बल्ब बदलण्यासाठी स्टुलावर चढलेल्या गृहिणीच्या ओल्या बोटांची वाट पाहतो. अर्थची हिरवी तार पाइपाला न जोडता बोर्डामागे नुसती मुडपून ठेवली, तरी इस्त्री तापते, पंखा फिरतो. म्हणून प्रवाह देण्यापूर्वी मेगर, म्हणजे तारांच्या आवरणाचा रोध मोजणारा यंत्रमापक, लावायचा असतो : मुख्य खटका बंद, फ्यूज जागेवर, सगळे खटके चालू, बल्ब होल्डरमध्ये, आणि फेज व न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्या व अर्थच्या दरम्यान पाचशे व्होल्टचा दाब. हँडल एका गतीने फिरवीत राहायचे आणि काटा स्थिरावल्यावरच आकडा वाचायचा. तो एक मेगओहमच्या खाली आला, तर कितीही देखणे फिटिंग असले तरी ते नापास. त्यानंतर बल्ब काढून फेज व न्यूट्रल यांच्यामधली तपासणी, मग अर्थची सलगता, मग खटका कोणत्या तारेत आहे याची खातरजमा. श्रावणात, चाळीच्या भिंती पाणी पिऊन फुगलेल्या असताना, वैशाखात उत्तीर्ण झालेले जुने फिटिंग हाच काटा शून्याकडे नेताना मी पाहिले, आणि ओहमचा नियम पाठ असणे व तो समजणे यांतील अंतर त्या वेळी मला उमगले.

परीक्षेविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. जिना-वायरिंगची आकृती, तारांचे सांधे, अर्थसाठी कोळसा-मिठाचा खड्डा आणि विजेचा धक्का बसलेल्या माणसाला कृत्रिम श्वासोच्छ्वास देण्याची रीत, एवढ्यात ती आटोपली. आम्हा चाळिशीकडे झुकलेल्यांना भीती वाटे ती गणिताची; वाटायला हवी होती ती आपल्याच सफाईची, कारण सरावलेला हात शंका घेत नाही.

पुढे पट्ट्या गेल्या, भिंतीच्या आतून प्लास्टिकच्या नळ्या आल्या, किटकॅट फ्यूजांची जागा एमसीबीने घेतली, आणि गळती होताच प्रवाह तोडणारी उपकरणे घरोघरी दिसू लागली. २००३ च्या कायद्याने जुना कायदा रद्द केला. परंतु परवाना, पर्यवेक्षण आणि जोडणीपूर्वीची चाचणी हे तीन आधारस्तंभ नंतरच्या विनियमांतही कायम राहिले. काम भिंतीत गाडले गेल्यामुळे डोळ्यांची तपासणी दुर्बल झाली, म्हणजे मेगरचे महत्त्व वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात जागेवर पाऊल न ठेवता भरलेला चाचणी-अहवाल दप्तरी दाखल होतो, आणि रहिवासी तो वाचीत नाही. वीजजोडणी घेणाऱ्या प्रत्येकाने त्या कागदावरचा आकडा आपल्यासमक्ष मोजून मागावा; तो त्याचा हक्क आहे.

माझ्याकडे आजही बंद पडलेल्या कारखान्यांतून सुटलेली, नातवंडे असलेली माणसे काम शिकायला येतात. खटका दाबून दाखवण्याची त्यांना घाई असते. मी आधी आकडा वहीत लिहायला सांगतो.