कडबा नक्की खातं कोण?

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या गुरांचं वर्ष कडब्यावर निघतं. बीदरकडचं भालकी-औराद असो की कलबुर्गीतलं आळंद, रब्बीची मालदांडी ज्वारी निघाली की गंजी लागतात. इथला शेतकरी वाण निवडताना दाण्याइतकंच धाटाकडे बघतो. या कडब्याचा साधारण तिसरा हिस्सा सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. साखरच ती, पण तिचा सांधा सोडवणारं विकर ना माणसाकडे आहे, ना देवणी गायीकडे. गाय चावते, भिजवते, रवंथ करते. कडबा खातात ते तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही, तापमान ३९ अंश, आणि एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या आसपास जिवाणू.

अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी १९४०च्या दशकात हे हवा न सोसणारे जीव वेगळे करून वाढवले आणि सेल्युलोज कापणारे कोण ते कळू लागलं. फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकसच्या दोन जाती हे त्यातले मुख्य. ते धाटाच्या तंतूला चिकटून बसतात आणि तिथेच कापतात. कौतुक सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. मला मात्र न कापणारे जास्त महत्त्वाचे वाटतात.

सेलेनोमोनासचंच घ्या. त्याला सेल्युलोजची एक कडीही सोडवता येत नाही. फायब्रोबॅक्टर साखर खाऊन सक्सिनेट बाहेर टाकतो, ते उचलून सेलेनोमोनास त्याचं प्रोपिओनेट करतो. प्रयोगशाळेत ही जोडी एकत्र वाढवून १९७३ साली हे दाखवलं गेलं. प्रोपिओनेट रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं ग्लुकोज होतं आणि त्यातून दुधातली साखर. कडब्यापासून चरवीपर्यंत असे दोन जिवाणू लागतात. रुमिनोकॉकसला आणखी वेगळी सोबत हवी असते. तो हायड्रोजन सोडतो. हायड्रोजन साचला की रुमिनोकॉकसचंच काम अडतं. मिथेन करणारे जीव (हे खरं तर जिवाणू नव्हेत, आर्किया) तो हायड्रोजन संपवतात. हवामानाच्या चर्चेत बदनाम झालेला गायीचा ढेकर या सहकाराचीच किंमत आहे.

आता पेंडीची गोष्ट. १९५८ साली अ‍ॅलिसन, ब्रायंट आणि डोएच यांनी दाखवलं की सेल्युलोज कापणाऱ्या रुमिनोकॉकसांना काही विशिष्ट फांदीदार आम्लं लागतात. ती पोटात येतात प्रथिनं कुजवणाऱ्या इतर जिवाणूंकडून. नत्रासाठी लागणारा अमोनियाही तिथूनच. नुसत्या कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के; चाऱ्यात ती सात टक्क्यांच्या खाली गेली की पचन रेंगाळतं आणि जनावर खाणंच कमी करतं. या पट्ट्यात करडी पिकते. तिची पेंड गव्हाणीत पडते तेव्हा गायीच्या आधी प्रथिनं कुजवणाऱ्यांचं जेवण होतं, त्यांच्या उष्ट्यावर कापणारे जगतात आणि मग कडबा पचू लागतो.

या टोळीलाही मर्यादा आहे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या तुराट्या चुलीतच जातात. गुरांना मिळते ती गुळी. तुराटीत लिग्निन, म्हणजे तिला लाकडासारखं टणक करणारा घटक, फार, आणि तो फोडायला ऑक्सिजन वापरणाऱ्या बुरशा लागतात. गायीच्या पोटात त्यांना जागा नाही. कडब्यातलं लिग्निन तुलनेनं कमी. अशा कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडून, शंभर किलोला चार किलो या प्रमाणात, तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवलं की तंतूंची पकड सैल होते आणि नत्रही मिळतं. थेट पाण्यातून युरिया पाजला तर जनावर दगावतं.

एखादा रामबाण जिवाणू बाटलीत भरून विकण्याची कल्पना म्हणूनच मला पटत नाही. बीदरला कर्नाटक राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, सीमेपलीकडे उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय, देवणी दोघांचीही. खळ्यावर मोकाट सुटून ज्वारी पोटभर खाल्लेली गाय दोन्हीकडच्या पशुवैद्यांच्या ओळखीची असते. धान्य भराभर आंबतं, पोटात आम्ल वाढतं आणि कापणारे सगळ्यांत आधी मरतात. आम्ल उतरवल्यावरही ती वैरणीला तोंड लावत नसेल, तर निरोगी गायीच्या पोटातला रस गाळून, कोमट असतानाच, काही लिटर नळीने आत सोडतात. त्यात कोण किती आहे हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.