कॅरॅव्हॅनसाठी कर्षण वाहन

कर्षण वाहन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले जोडवाहन मागे बांधून ओढून नेणारे मोटार वाहन. झोपण्याची, स्वयंपाकाची व बसण्याची सोय असलेल्या चाकांवरच्या लहान घरास कॅरॅव्हॅन म्हणतात. युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियात अशी लहान कॅरॅव्हॅन बहुधा कुटुंबाच्या नेहमीच्या वापरातील मोटारीनेच ओढली जाते. त्यामुळे मोटार निवडताना रोजचा वापर आणि सुट्टीतील ओझे या दोन्हींचा विचार करावा लागतो.

वाहनाची निवड करताना उत्पादकाने जाहीर केलेली कर्षणक्षमता हा एकच आकडा पुरेसा नसतो. वाहनाची वहनक्षमता, जोडणीवर पडणारा भार आणि दोन्ही वाहनांचे एकत्रित वजन यांच्याही स्वतंत्र मर्यादा असतात. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी गाठली जाते, तीच त्या वाहनाची खरी मर्यादा होय. माणसे व सामान भरलेल्या कौटुंबिक मोटारीत पुष्कळदा वहनक्षमता कर्षणक्षमतेच्या आधी संपते.

संज्ञा

रिक्त वजन – प्रवासी व सामान नसताना वाहनाचे वजन. युरोपातील काही व्याख्यांत चालकासाठी ७५ किलोग्रॅम यातच धरलेले असतात.
कमाल अनुज्ञेय वजन – सर्व ओझ्यासह वाहनाचे जास्तीत जास्त वजन. मोटार व कॅरॅव्हॅन यांची ही मर्यादा वेगवेगळी असते.
वहनक्षमता – कमाल अनुज्ञेय वजन व रिक्त वजन यांतील फरक. म्हणजेच वाहनाने अंगावर वाहून नेण्याचे ओझे.
कर्षणक्षमता – वाहनाने मागे ओढून न्यावयाच्या जोडवाहनाचे कमाल वजन.
एकत्रित वजन – भरलेली मोटार व भरलेली कॅरॅव्हॅन मिळून होणारे वजन.
जोडभार – कॅरॅव्हॅनच्या दांड्याचे टोक मोटारीच्या मागील जोडगोळ्यावर खालच्या दिशेने टाकत असलेला भार.

इतिहास

हौसेच्या भटकंतीसाठी बांधलेल्या पहिल्या कॅरॅव्हॅनांपैकी एक इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या लेखकासाठी तयार करण्यात आली. ‘द वाँडरर’ नावाची ती गाडी घोडे ओढत असत. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना झाली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीने ओढावयाच्या कॅरॅव्हॅन बनू लागल्या. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ मध्ये आपल्या कुटुंबासाठी अशी गाडी बांधली. वाहन घोड्याऐवजी मोटारीने ओढले जाऊ लागल्यावर वेग वाढला आणि त्याबरोबर ब्रेक व स्थिरता यांचे प्रश्न पुढे आले.

कर्षणक्षमता कशी ठरते

युरोपीय नियमांनुसार पूर्ण भरलेल्या मोटार-कॅरॅव्हॅन जोडीला १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्या स्थितीतून पुढे निघता आले पाहिजे. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने आकडा जाहीर करीत असे. पुढे एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक तयार केले. त्यातील एक चाचणी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या लांब चढावर बेतलेली आहे. कडक उन्हाळ्यात, वातानुकूलन यंत्र चालू ठेवून वाहनाने ठरावीक किमान वेग राखत हा चढ पार करावा, अशी तिची अट आहे. इंजिन तापून बंद पडणार नाही, याची खात्री त्यातून होते.

कर्षणक्षमता हा केवळ इंजिनाच्या शक्तीचा आकडा नव्हे. टोयोटा रॅव्ह४ या मोटारीच्या पाचव्या पिढीतील संकरित, चारही चाकांना शक्ती देणाऱ्या प्रकाराची कर्षणक्षमता युरोपात १,६५० किलोग्रॅम, तर अमेरिकेत १,७५० पौंड, म्हणजे सुमारे ७९४ किलोग्रॅम दिलेली आहे. अशा तफावतींमागे दोन्ही खंडांतील वेगळी पद्धत हे एक कारण सांगितले जाते. युरोपात जोडभार कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ४ ते ७ टक्के ठेवतात आणि जोडीच्या वेगावर बहुतेक देशांत कमी मर्यादा असते. अमेरिकेत महामार्गावरील जास्त वेग गृहीत धरून जोडभार १० ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस केली जाते. म्हणून एका देशातील आकडा दुसऱ्या देशात तसाच लागू करता येत नाही.

वहनक्षमतेची मर्यादा

जोडभार कॅरॅव्हॅनचा असला तरी तो मोटारीच्या अंगावर पडतो. त्यामुळे तो मोटारीच्या वहनक्षमतेतून वजा करावा लागतो. उदाहरणादाखल, एका मोटारीची कर्षणक्षमता १,५८८ किलोग्रॅम (३,५०० पौंड) आणि चालक धरून वहनक्षमता ५०० किलोग्रॅम आहे असे मानू. चौघांच्या कुटुंबाचे वजन २७० किलोग्रॅम, डिकीतील सामान ८० किलोग्रॅम व जोडणीचा सांगाडा २५ किलोग्रॅम धरल्यास ३७५ किलोग्रॅम खर्ची पडतात. जोडभारासाठी उरतात १२५ किलोग्रॅम. अमेरिकी पद्धतीने जोडभार १२ टक्के ठेवायचा, तर या मोटारीने सुमारे १,०४० किलोग्रॅमपेक्षा जड कॅरॅव्हॅन ओढणे योग्य नाही. जाहिरातीतील आकड्याच्या हे प्रमाण दोन तृतीयांशांहूनही कमी आहे.

एकत्रित वजनाची मर्यादाही अशीच परिणाम करते. ती ३,३०० किलोग्रॅम असून भरलेली मोटार २,२०० किलोग्रॅमची असेल, तर कॅरॅव्हॅनसाठी १,१०० किलोग्रॅमच उरतात.

कॅरॅव्हॅनचे वजनही विक्रीपत्रकातील रिक्त वजनावरून ठरवता येत नाही. पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, भांडी, अंथरूण-पांघरूण व बाहेर लावायचा मांडव यांची भर पडते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने १०० लिटरची टाकी भरताच १०० किलोग्रॅम वाढतात. त्यामुळे तुलना नेहमी कॅरॅव्हॅनच्या कमाल अनुज्ञेय वजनाशी करतात आणि प्रवासाच्या तयारीनिशी दोन्ही वाहने वजनकाट्यावर तोलून खात्री करतात.

ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना ८५ टक्क्यांचा संकेत पाळण्याचा सल्ला दिला जातो. कॅरॅव्हॅनचे कमाल अनुज्ञेय वजन मोटारीच्या रिक्त वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा तो संकेत आहे. तो कायदा नाही. मात्र ओढणारे वाहन ओढल्या जाणाऱ्या वाहनापेक्षा जड असावे, हे त्यामागील तत्त्व आहे.

जोडभार व स्थिरता

बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, म्हणजे तिचा पुढचा भाग वर उचलला जातो. एका आसाच्या कॅरॅव्हॅनलाही हेच लागू पडते. मागे जास्त सामान भरल्याने जोडभार कमी होतो आणि वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकमुळे कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे डोलू लागते. विशिष्ट वेगाच्या पुढे हे नागमोडी हेलकावे आपोआप शमत नाहीत. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी दोन्ही वाहने उलटू शकतात. अशा वेळी वेग वाढवून गाडी सरळ करण्याचा प्रयत्न धोक्याचा ठरतो. सुकाणू स्थिर धरून ॲक्सिलरेटरवरील पाय काढणे व वेग हळूहळू उतरू देणे, हा उपाय सांगितला जातो. अनेक आधुनिक मोटारींतील स्थिरता प्रणाली हेलकावे ओळखून चाकांना निवडक ब्रेक लावते. परंतु चुकीच्या भरणीची ती भरपाई करू शकत नाही.

याउलट, जोडभार फार वाढल्यास मोटारीचा मागील भाग दबतो. चाकांच्या दोन आसांतील अंतर २.८ मीटर असलेल्या मोटारीत जोडगोळा मागील आसाच्या १.१ मीटर मागे असेल, तर १५० किलोग्रॅम जोडभाराने मागील आसावर सुमारे २०९ किलोग्रॅम भार वाढतो व पुढील आसावरचा सुमारे ५९ किलोग्रॅमने कमी होतो. पुढच्या चाकांची पकड घटल्याने सुकाणू हलके पडते. त्यामुळे आसांतील अंतर जास्त आणि मागील बाहेर आलेला भाग आखूड असलेले वाहन कर्षणासाठी अधिक योग्य मानले जाते. जड सामान कॅरॅव्हॅनच्या आसाजवळ व तळाशी ठेवणे हा भरणीचा सामान्य नियम आहे.

वाहनाची यंत्रणा

चढावर निघण्यासाठी कमी फेऱ्यांवर अधिक पीळ देणारे इंजिन उपयोगी पडते. म्हणून युरोपात दीर्घकाळ डिझेल मोटारींना पसंती होती. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती उंचीबरोबर दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी घटते. डोंगराळ प्रदेशात जाणाऱ्यांना हे लक्षात घ्यावे लागते. स्वयंचलित गिअरपेटीतील तेल सतत तापत असल्याने काही वाहनांना तेल थंड ठेवणारी जादा यंत्रणा लावावी लागते. लांब उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने वेग आवरतात. पुढच्या चाकांना शक्ती देणारे वाहन कोरड्या रस्त्यावर चालते. ओल्या गवतावर किंवा निसरड्या चढावर मात्र चारही चाकांना शक्ती असणे फायद्याचे ठरते.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर जाताना तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे वजनाने हलकी पण उंच व रुंद कॅरॅव्हॅनही इंधन बरेच खाते. छप्पर खाली दुमडणाऱ्या किंवा अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या बुटक्या कॅरॅव्हॅन लहान मोटारींना झेपतात त्या याचमुळे. विद्युत मोटारींना पहिल्या क्षणापासून भरपूर पीळ मिळतो. परंतु उंच कॅरॅव्हॅनमुळे एका भारणातील पल्ला निम्म्यापर्यंत घटू शकतो. काही विद्युत मोटारी कर्षणासाठी मंजूरच नसतात.

कायदेशीर तरतुदी

युरोपीय संघात ७५० किलोग्रॅमपेक्षा जड जोडवाहनास स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. साध्या मोटारीच्या ‘बी’ परवान्यावर ७५० किलोग्रॅमपर्यंतचे जोडवाहन ओढता येते. त्याहून जड असल्यास एकत्रित कमाल वजन ३,५०० किलोग्रॅमच्या आत असावे लागते. जर्मनीत अशा जोडीस सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असून ठरावीक अटी पूर्ण केल्यास महामार्गावर १०० किलोमीटरची मुभा मिळते. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारीचा परवाना असलेल्यांना वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचे जोडवाहन ओढण्याची परवानगी मिळाली. परवाना मिळाला तरी वाहनाच्या स्वतःच्या मर्यादा बदलत नाहीत.

भारतातील स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या दिलेली आहे. व्यवहारात मात्र ट्रेलर म्हटले की बहुतेकांना ट्रॅक्टरची ट्रॉलीच आठवते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. भारतीय बाजारातील अनेक प्रवासी मोटारींच्या माहितीपुस्तिकेत कर्षणक्षमता दिलेली नसते. परदेशात त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या मोटारीचे इंजिन, गिअरपेटी, शीतकरण व ब्रेक वेगळे असू शकतात. त्यामुळे तेथील आकडा येथील मोटारीस लागू होत नाही. उत्पादकाने क्षमता दिलेली नसल्यास ते वाहन कर्षणासाठी तपासलेले आहे असे मानता येत नाही.