जनित संहितेतील टीपांची रचना

जावा भाषेत २००४ साली पाचव्या आवृत्तीबरोबर आलेले ‘अ‍ॅनोटेशन’ ही आज्ञा नसून आज्ञेविषयीची टीप होय. ‘@’ या चिन्हाने आरंभ होणारी ही टीप वर्ग, मेथड वा चल यांच्या माथ्यावर लिहिली जाते आणि कंपायलरला अथवा अन्य साधनांना त्यांविषयी माहिती पुरविते. परंतु एखादी आज्ञावलीच जेव्हा दुसऱ्या आज्ञावलीची संहिता लिहू लागते, तेव्हा ही टीप कशी घडवावी, हा प्रश्न वाटतो तितका गौण राहत नाही.

अक्षरांना अक्षरे जोडीत जाणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. मात्र त्यात एखादे अवतरणचिन्ह निसटले किंवा टीपेचा प्रकार आयात करावयाचा राहिला, की तयार झालेली फाईल कंपाइल होत नाही. स्क्वेअर या कंपनीच्या ‘जावापोएट’ या लायब्ररीची पहिली आवृत्ती २०१५ साली निघाली. तिने निराळी दृष्टी स्वीकारली. तीत ‘अ‍ॅनोटेशनस्पेक’ ही स्वतंत्र वस्तू आधी रचली जाते व नंतर ती वर्गाला वा मेथडला जोडली जाते. टीपेच्या प्रत्येक घटकास नाव, साचा व मूल्य द्यावयाचे असते. साच्यात डॉलरच्या चिन्हापुढे ‘एस’ असल्यास मूल्य अवतरणचिन्हांत येते, ‘एल’ असल्यास जसेच्या तसे उमटते, आणि ‘टी’ असल्यास प्रकाराचे नाव लिहिले जाऊन आवश्यक ती आयातही होते. एकाच घटकास अनेक मूल्ये दिल्यास त्यांची महिरपी कंसातील यादी बनते.

या पद्धतीचे मोल ‘जनरेटेड’ या टीपेवरून ध्यानात येते. संहिता यंत्रनिर्मित आहे, हे ती वाचकास सांगते. ती नसल्यास एखादा अभ्यासक त्या फायलीत हाताने दुरुस्ती करील आणि पुढील निर्मितीच्या वेळी त्याचे श्रम पुसले जातील. या टीपेस २०१७ च्या नवव्या आवृत्तीत नवे पॅकेज मिळाले. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीतून जुने वगळण्यात आले. टीपेचा प्रकार एकाच ठिकाणी दिलेला असेल, तर तेथे बदल करताच टीप व आयात दोन्ही सुधारतात.

तथापि घटकाचे नाव टीपेच्या व्याख्येत आहे किंवा नाही, याची शहानिशा लायब्ररी करीत नाही. ते काम कंपायलरचेच. म्हणून जनित संहिता चाचणीत प्रत्यक्ष कंपाइल करून पाहणे अगत्याचे ठरते.